किरणांआडचा चेहरा

ती बाई नवऱ्याचा फोटो मागायला आली, तेव्हा मी त्याच फोटोतल्या उन्हाला पिवळा रंग देत बसले होते.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. आमचा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात होता आणि आरमोरीत वीज आलेली नव्हती. गावात आमचा फोटोचा लहानसा धंदा होता. फोटो हे काढायचे आणि पुढचं बारीक काम माझ्याकडे असायचं. निगेटिव्ह म्हणजे तेव्हा काच. खिडकीपाशी उतरत्या चौकटीवर ती काच ठेवायची, खाली आरसा लावून उजेड वर घ्यायचा, आणि सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल घेऊन बसायचं. काचेवर सगळं उलटं असतं. जिथं पेन्सिल फिरवावी तिथं कागदावर उजळ येतं आणि जिथं चाकूच्या टोकानं थर खरवडावा तिथं काळं. लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं. ह्यांनी शिकवलं आणि वर्षाभरात माझा हात ह्यांच्यापेक्षा हलका झाला. कोणाच्या गालावरचे देवीचे वण घालव, कोणा नवरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पूस, असली कामं मी करत असे. नंतर कोणी मागितलं तर फोटोवर काडीला कापूस गुंडाळून रंगही चढवायचे.

ह्यांचं मन मात्र गिऱ्हाइकांच्या फोटोत नव्हतं. ह्यांना ऊन पकडायचं होतं. झाडांच्या शेंड्यांतून उन्हाच्या तिरिपा उतरतात, धुक्यात किंवा धुरात त्या काठ्यांसारख्या उभ्या दिसतात, त्यांच्यामागे हे कोस कोस चालायचे. घरी येऊन काच धुतली की हाती यायचं पांढरट धुकं. डोळ्याला दिसलेली तिरीप काचेवर उतरायचीच नाही. मग दोन दिवस ह्यांचं जेवणात लक्ष नसायचं.

त्या वर्षी कार्तिकातल्या एका पहाटे मीही बरोबर गेले होते. कोसभरावर एक मोठा तलाव होता आणि त्याच्या पाळीवर मोहाची जुनी झाडं होती. सूर्य वर आला आणि मोहांच्या फांद्यांतून खरोखरच तिरिपा सुटल्या, थेट पाण्यापर्यंत. पाण्यावर एक ढिवर डोंगा घेऊन जाळी काढत होता. ह्यांनी काठावरून त्याला जवळ बोलावलं आणि डोंग्यात बांबू टेकवून उभं राहायला सांगितलं. तो आला. पाणी उथळ होतं. त्यानं बांबू चिखलात रोवला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. हाललो तर बिघडेल का, असं त्यानं विचारलं. ह्यांनी काळ्या कापडाआडून हो म्हटलं. मग तो असा उभा राहिला की त्याचा श्वाससुद्धा चाललेला दिसेना.

काच झाकल्यावर त्यानं विचारलं, "माहा चेहरा येईन ना त्याच्यात?"

"येईल, येईल. एक तुलाही देतो," हे म्हणाले.

ती काच चांगली निघाली. पण तिरिपा फिक्याच होत्या. हे काच उजेडाकडे धरून बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्यासमोर ठेवून म्हणाले, तुझ्या हातात आहे. मी चार दिवस बसले. काचेवर राळेचं औषध चोळलं, म्हणजे पेन्सिल धरते, आणि एकेक किरण ओढला. सात किरण झाले. त्यांतले तीन खरे होते, चार माझे. एक तर मी त्या माणसाच्या खांद्यावरून थेट तोंडावर आणला होता, कारण तिथं तो शोभत होता. शेवटी हे म्हणाले, माणूस काळा कुळकुळीत हवा, तरच ऊन उठून दिसेल. म्हणून मी चाकू घेतला आणि त्याचं अंग खरवडून काढलं.

फोटो कागदावर उतरला तो फारच सुंदर. काळा माणूस, काळा डोंगा आणि वरून सात किरण. मी त्यांच्यावर रंग चढवले. वर हळदीसारखा पिवळा, मध्ये केशरी, पाण्याजवळ किंचित गुलाबी. बघायला येणारी माणसं किरणांवर बोट ठेवून बघायची, बोटाला ऊन लागतंय का म्हणून. ह्यांनी त्याची एक प्रत नागपूरच्या एका प्रदर्शनाला पाठवली. पौषात उत्तर आलं. चित्र निवडलं होतं. भिंतीवर लावायला मोठी प्रत तिथंच तयार करणार होते, म्हणून मूळ काच अमक्या दिवसाच्या आत पोचवा, असं लिहिलं होतं. आमच्याकडे मोठी प्रत काढायचं यंत्र नव्हतं. काचेएवढाच फोटो निघायचा. ते पत्र ह्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं.

मुदतीत पोचेल अशा एका सकाळच्या बसनं काच पाठवायचं ठरलं. आदल्या दिवशी, बाजाराच्या दिवशी दुपारी, ती बाई आली.

पंचविशीची असेल. डोक्यावरून पदर घेतलेला, टोपली दाराबाहेर ठेवलेली. ती आत येईना. उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, "बाई, तलावावर तुमी डोंग्यातल्या माणसाचा फोटो काढला होता. मी त्याची बायको हावो. मले तो फोटो पायजे."

मला आधी वाटलं, आम्ही कबूल केलेली प्रत मागायला आली आहे. मला शरमही वाटली, कारण ती प्रत आम्ही कधी दिलीच नव्हती. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग तिनं सांगितलं. फोटो काढला त्यानंतर आठ दिवसांनी तो गावच्या टोळीबरोबर अहेरीच्या पलीकडे बांबू तोडायला गेला होता. टोळी परत येऊन आता पंधरा दिवस झाले होते. तो आला नव्हता. वाटेत त्याला ताप भरला, चालवेना, म्हणून त्याला एका गावाजवळ कोणाच्या तरी पडवीत ठेवून बाकीचे पुढे निघाले. परतताना त्या पडवीत कोणी नव्हतं. गावाचं नावही टोळीतल्या दोघांनी वेगवेगळं सांगितलं. आता तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, शोधायला निघणार होता. अहेरीकडे जाणाऱ्या गाड्या दुसऱ्या दिवशी पहाटे सुटणार होत्या.

"तिकडं कोणी गोंडी बोलते, कोणी तेलंगी," ती म्हणाली. "माणूस कसा होता ते भासरे कोणत्या बोलीत सांगतीन? फोटो असन त दाखोता येईन."

माझ्यासमोरच तो फोटो होता. मी तो तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, दारातल्या उजेडात नेला, तिरपा करून पाहिला. डोंगा तिनं लगेच ओळखला. त्याचा टोकाकडचा तुटका भाग तिनं मला दाखवला. मग बराच वेळ ती त्या काळ्या आकृतीकडे बघत राहिली.

"ह्याचं तोंड कुठी हाये?" तिनं विचारलं.

मी हातातली रंगाची काडी खाली ठेवली.

हे आतल्या खोलीत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते बाहेर आले आणि तिला समजावू लागले. सूर्य पाठीमागे होता, असं ऊन असलं की माणसाचं तोंड काळंच येतं, कोणीही काढला असता तरी तसंच आलं असतं. ती ऐकत होती, पण बघत माझ्याकडे होती. तिला बाहेर ओसरीवर बसवून मी ह्यांच्यामागे आत गेले.

मी म्हटलं, काचेवरची माझी पेन्सिल काढून बघते, खाली चेहरा असेल. पाण्याचा उजेड वर मारत होता, थोडंफार उतरलं असणार. ह्यांनी आधी शांतपणे नाही म्हटलं. पेन्सिल काढली म्हणजे किरण गेले. पुन्हा काढायला चार दिवस लागतील आणि बस उद्या सकाळी आहे. मी म्हटलं, आधी त्या काचेची दुसरी काच करून ठेवू. ह्यांनी मला रिकामं खोकं दाखवलं. नव्या काचा नागपूरहून यायच्या होत्या, त्या आल्या नव्हत्या. हे मलाही ठाऊक होतं.

"खाली काही नसलं तर?" हे म्हणाले. "तर दोन्ही गेलं. तिचंही आणि माझंही."

एक गोष्ट मी ह्यांना सांगितली नाही. पेन्सिल पुसता येते, पण चाकूनं खरवडलेलं परत येत नाही. त्या माणसाचं अंग मी खरवडलं होतं हे मला पक्कं आठवत होतं. चाकू तोंडावर किती चालवला होता, हे काही केल्या आठवत नव्हतं.

हे सुताराकडे गेले. काचेसाठी लाकडी पेटी करायला दिली होती, ती आणायची होती. जाताना ओसरीवरच्या बाईकडे न बघता ते पायऱ्या उतरले आणि मला म्हणाले, माझ्यामागे काचेला हात लावू नकोस.

मी थोडा वेळ चुलीपाशी जाऊन बसले. भांडी घासली. बाहेर डोकावले तर ती तशीच भिंतीला टेकून बसलेली. बाजार उलगत आला होता. तिच्या गावच्या बायका रस्त्यावरून जाताना तिला हाक मारत होत्या, ती मान हलवून नाही म्हणत होती. ती माझ्याकडे काही मागत नव्हती, रडत नव्हती. नुसती बसली होती. ती रडली असती तर कदाचित मी तिची समजूत घालून तिला वाटेला लावलं असतं.

मी काच काढली. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. टर्पेंटाइनची बाटली उघडली, कापसाचा बोळा भिजवून पिळला आणि कोपऱ्यातल्या एका किरणावर ठेवला. तो माझा किरण होता, खोटा. तो एका फेऱ्यात गेला. कापूस काळा झाला. मग दुसरा गेला. मला वाटत होतं, दारात ह्यांचं पाऊल वाजलं तर हात थांबेल, आणि एकदा थांबला तर पुन्हा चालणार नाही. म्हणून मी भराभर पुसत गेले आणि तोंडाजवळ आल्यावर मात्र बोळा बाजूला ठेवला. तिथला थर आधीच पातळ होता. कापूस जोरात फिरला असता तर तोही निघाला असता. काडीला धाग्याएवढा कापूस गुंडाळून मी चिंचोक्याएवढी ती जागा पुसली.

नंतर भिंग लावलं.

चेहरा होता. फिका, धुरकट, पण होता. अर्धा. एक डोळा, एक गाल, नाकाची कड, ओठ आणि त्या बाजूचा कान. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. तिथं माझा चाकू चालला होता. काच उघडी पडली होती आणि तिच्यावर पात्याचे ओरखडे शेजारी शेजारी, अगदी नीटस, उमटले होते. मला माझ्या हाताचा कधी अभिमान वाटत असे. त्या ओरखड्यांवरून मी भिंग काढून घेतलं.

हे पेटी काखेत घेऊन आले तेव्हा मी तशीच बसलेली होते. टर्पेंटाइनचा वास घरभर होता, सांगायची गरज नव्हती. ह्यांनी पेटी खाली ठेवली नाही. ती काखेत तशीच धरून एका हातानं काच उचलली, खिडकीकडे नेली. किरणांच्या जागी नुसतं धुकं होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा हे म्हणाले, "दिवस किती उरलाय?"

मला कळलं नाही.

"कागद काढ," हे म्हणाले. "ऊन जाईल."

आमच्याकडे फोटो दिवसाच्या उजेडावरच उमटवायचे. अंधाऱ्या खोलीत काच आणि कागद चौकटीत घट्ट बसवायचे, खिडकीची झडप उघडून मनात आकडे मोजायचे आणि झडप मिटायची. दुपारच्या उजेडाचे आकडे ह्यांना पाठ होते. पण सूर्य समोरच्या घराच्या छपराला टेकला होता आणि उजेड क्षणाक्षणाला बदलत होता. चांगले कागद सात शिल्लक होते.

पहिला कागद औषधाच्या पाण्यात बुडवला आणि तो काळा होत गेला, चेहऱ्यासकट. हे म्हणाले, त्याच्या तोंडापुरताच उजेड द्यायला हवा, बाकीचं गेलं तर जाऊ दे. दुसऱ्याला निम्मे आकडे मोजले. तोही काळवंडला. तिसऱ्याला इतके थोडे मोजले की कागद पांढराच राहिला. मी लाल कापड लावलेला कंदील धरून उभी होते. कंदील हालवू नकोस, एवढंच ह्यांनी मला त्या तासाभरात सांगितलं. चौथा बिघडला. पाचव्याला ह्यांनी आकडे मोठ्यानं मोजले, जणू स्वतःलाच ऐकवत होते. झडप मिटली. मी कागद ताटलीत सोडला.

पांढऱ्या कागदावर आधी डोंग्याची कड आली, मग बांबू. पाणी आलं नाही, झाडं आली नाहीत, आकाश आलं नाही. इतक्या थोड्या उजेडात ती उमटणारच नव्हती. नुसत्या पांढऱ्यावर तो माणूस उभा राहिला, आणि त्याचा अर्धा चेहरा वर आला. ह्यांनी ताबडतोब कागद काढून दुसऱ्या पाण्यात टाकला. त्याच अंदाजानं सहावाही निघाला. सातव्यापर्यंत ऊन गेलं होतं.

बाईला मी आत बोलावलं. कागद ओलाच होता. तिनं भिंग डोळ्याला लावायचं कसं ते समजून घेतलं आणि वाकली. मग भिंग बाजूला केलं, आणि जी बाजू खरवडलेली होती तिच्यावर बोट ठेवून उरलेल्या चेहऱ्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

"हाच हाये," ती म्हणाली.

मला ती काळी बाजू बघवत नव्हती. मी म्हटलं, मी दुसरा डोळा काढून देते, ह्या डोळ्यासारखाच, कळणारही नाही. मला ते जमलं असतं. मी पांढऱ्या रंगाची काडी हातात घेतलीही होती. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नका काढू, बाई. तुमी काढान तो डोळा त्याचा नसन."

हे कोपऱ्यात हात पुसत उभे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा भासरा आला, गाड्या नाक्यावर उभ्या होत्या. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. मी दोन्ही फोटो पुठ्ठ्यात घालून दिले. तो निघाला तेव्हा ह्यांनी त्याला थांबवलं आणि आपलं भिंग त्याच्या हातात दिलं. आमच्याकडे ते एकच होतं. त्यामुळे पुढचे दिवस बारीक काम बंदच पडलं. तासाभरानं नागपूरची बस गेली. सुतारानं केलेली पेटी कोनाड्यात होती तिथंच होती.

प्रदर्शनाला ह्यांनी कळवलं की काच तडकली. मी विचारलं, खरं का नाही लिहिलं? हे म्हणाले, खरं काय लिहू? माझ्या बायकोनं किरण पुसले, असं? की किरण तिनंच काढलेले होते, असं? त्यानंतर तो विषय ह्यांनी काढला नाही. माझ्यावर ओरडलेही नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे, गिऱ्हाईक आलं की हसून बोलायचे. रात्री माझ्याकडे पाठ करून झोपायचे. पहाटे कॅमेरा घेऊन बाहेर पडणं मात्र बंद झालं. मला तेच जास्त लागत होतं.

दोन बाजार गेले. दर बाजाराला ती बाई येऊन ओसरीवर बसायची, निरोप नाही म्हणून सांगायची आणि उठायची. तिसऱ्या बाजाराच्या आधीच, मधल्याच एका दिवशी, ती सकाळी आली. उन्हात चालून आलेली, ओठ सुकलेले. अहेरीकडून परतलेल्या एका गाडीवानानं भासऱ्याचा निरोप आणला होता. तिकडे बांबूच्या एका डेपोवर लोकांनी फोटो पाहून सांगितलं होतं की असा एक माणूस तापानं मेला, त्याला नदीकाठी जाळलं.

घरात रडारड सुरू झाली होती. सासू म्हणत होती, बांगड्या उतरव. ती तिथून उठून माझ्याकडे आली होती.

"भासऱ्यानं सोताच्या डोळ्यानं नाई पायलं," ती म्हणाली. "लोकांनं सांगतलं. अर्ध्या तोंडावरून सांगतलं. तुमी सांगा बाई, अर्ध्या तोंडावरून सांगता येते का?"

येते म्हटलं तर तो मेला होता. येत नाही म्हटलं तर मी केलेल्या फोटोचा काही उपयोगच नव्हता. मी तिचा हात धरून बसले. तिच्या बांगड्या हिरव्या होत्या, दोन पिचलेल्या. ह्यांनी दुकान उघडलं नाही त्या दिवशी. दुपारी ती जायला निघाली तेव्हा हे तिला म्हणाले, "बाई, मोठा भाऊ येईपर्यंत थांबा. कोणाचं ऐकू नका." मला बरं वाटलं, हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मनापासून बोलले.

त्यानंतरचे अकरा दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. रात्री डोळे मिटले की काचेवरचे ओरखडे दिसायचे. मला वाटायचं, मी जो अर्धा चेहरा खरवडला त्यातच काहीतरी असं होतं, की ते पाहून लोक म्हणाले असते, नाही, हा तो नव्हे.

बाराव्या दिवशी भासरा स्वतः आला. एकटाच. त्याला दारात पाहिलं आणि मी आधी त्याच्यामागचा रस्ता पाहिला. तो ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि मग सावकाश सांगू लागला.

डेपोवरच्या लोकांचं ऐकून तोही खचला होता. निरोप पाठवून तो नदीवर गेला, राखेची जागा पाहून आला. परत निघण्याआधी त्याला वाटलं, मेलेल्याला औषध कोणी दिलं ते तरी विचारावं. म्हणून तो दवाखान्यात गेला. तिथल्या कंपाउंडरनं भिंग लावून बराच वेळ फोटो पाहिला. जाळलेला माणूस त्याच्या चांगला लक्षात होता. त्याचा ह्याच बाजूचा कान फाटलेला होता, पाळीपासून दोन तुकडे. फोटोतला कान अखंड होता. हा तो नव्हे, कंपाउंडर म्हणाला. आणि मग तोच म्हणाला की ह्या फोटोतल्या माणसाला मात्र त्यानं तापावर कोयनेल दिलं आहे. ताप डोक्यात गेला होता, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, गाव सांगता येत नव्हतं. थोडं बरं वाटल्यावर सिरोंच्याकडे जाणाऱ्या कोणा गाडीत तो आपणहून चढून बसला होता.

भासरा तिकडे गेला. चार गावं फिरला. पाचव्या गावात नदीवर मासे धरणाऱ्या एका तेलंगी घराच्या अंगणात त्याचा भाऊ जाळं दुरुस्त करत बसला होता. त्या लोकांना त्याची बोली कळत नव्हती, त्याला त्यांची कळत नव्हती. पण जाळ्याला हात घालताना पाहून त्यांनी ओळखलं होतं की हा आपल्यातलाच आहे, आणि ठेवून घेतलं होतं. भावाला पाहून तो उठला नाही. बघत राहिला. मग भावाला घरच्या नावानं हाक मारली आणि रडला. गाडीचा हादरा अजून त्याला सोसत नव्हता, म्हणून भासऱ्यानं त्याला अहेरीला ओळखीच्या घरी ठेवलं होतं आणि आधी घरी सांगायला स्वतः पुढे आला होता.

मी विचारलं, तिला कळलं का? तो म्हणाला, घरी सांगूनच इकडे आलो. तिनंच पाठवलं. भिंग परत द्यायचं होतं.

त्यानं ते फडक्यातून काढून ह्यांच्या हातात ठेवलं. हे ते उजेडाकडे धरून उगाच पुसत बसले. त्या संध्याकाळी हे माझ्याशी बोलले. फार नाही. म्हणाले, पाचव्या कागदाला आकडे थोडे जास्तच झाले होते, एक कमी मोजला असता तर डोळा आणखी उघडला असता.

माघ संपता संपता तो माणूस बायकोबरोबर आमच्याकडे आला. फार वाळला होता, अंगात कोणाचा तरी मोठा सदरा घातलेला. दुसरा डोळा कसा आहे ते पाहायचं मी ठरवून ठेवलं होतं. पण तो मान खाली घालून बसला आणि मलाही टक लावून बघण्याचा धीर झाला नाही. बायकोनं त्याला फोटो दाखवला. हा तू, ती म्हणाली. त्यानं पाहिलं आणि जरा ओशाळून विचारलं, पाणी कुठं गेलं? हे हसले. मग त्याला ओसरीवर उजेडाकडे तोंड करून बसवलं, त्याच्या शेजारी तिला बसवलं आणि साधा फोटो काढला, कुठलीही तिरीप नसलेला. त्याची प्रत आठ दिवसांत मी स्वतः त्यांच्या गावी नेऊन दिली.

ती पुसलेली काच बरीच वर्षं फळीवर होती. तिच्यावर किरण पुन्हा काढ, असं हे कधी म्हणाले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ह्यांनी प्रदर्शनाला दुसरं चित्र पाठवलं, धुक्यातल्या बैलगाडीचं. निवडलं गेलं नाही. उन्हाच्या मागे जाणं मात्र पुन्हा सुरू झालं. काचेवर तिरीप आली तर आली, नाहीतर नाही.

काचेवरचं बारीक काम मी त्यानंतरही वीसेक वर्षं केलं. वण घालवले, सुरकुत्या घालवल्या, गिऱ्हाइकाला हवं ते केलं. फक्त एक सवय लागली. कोणाच्या तोंडावर चाकू लावायची वेळ आली की मी आधी बाहेर जाऊन विचारून यायचे, ह्या माणसाचा दुसरा एखादा फोटो घरात आहे का. बहुतेक वेळा नसायचा. गिऱ्हाइकांना माझा प्रश्न विचित्र वाटायचा आणि ह्यांना त्यात वेळ जातो असं वाटायचं. पण नाही म्हटलं कोणी, तर मी ती काच तशीच ह्यांच्यासमोर नेऊन ठेवायचे, आणि हेही ती तशीच कागदावर उमटवायचे.